सिरॅमिक कोटिंगवर स्प्रे टॉपर कधी मारावा आणि कधी मारू नये

नव्या गाडीवर चांगली रक्कम खर्चून सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा पातळ, कडक संरक्षक थर, करून घेतले जाते, आणि सहा-आठ महिन्यांनी एके दिवशी गाडी धुताना लक्षात येते की पूर्वी बोनेटवरून घरंगळून जाणारे पाणी आता पत्र्यावर पसरून राहते आहे. कोटिंग करणाऱ्याकडे चौकशी केली, तर दर दोन-तीन महिन्यांनी वरून स्प्रे टॉपर, म्हणजे कोटिंगवर लावून पुसायचे फवाऱ्याच्या बाटलीतले द्रावण, मारायला हवा होता असे उत्तर मिळते, आणि टॉपरची बाटली विकणारा अर्थातच त्याला दुजोरा देतो. माझे मत थोडे वेगळे आहे. कोटिंग टिकण्यासाठी टॉपरची गरज नसते, ते स्वच्छ राहण्याची गरज असते. मात्र आपल्या शहरांतले पाणी आणि गाडी रोज पुसून घेण्याची आपली पद्धत पाहता टॉपरला एक मर्यादित पण खरे काम उरते.

आधी थरांचा हिशेब पाहू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो, त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. सिरॅमिक कोटिंगचा थर त्याहून कितीतरी पातळ, एक-दोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही कमी असतो, परंतु त्यातली सिलिकॉनची संयुगे हवेतील ओलाव्याशी संयोग पावून कडक होतात आणि क्लिअर कोटला घट्ट धरून बसतात. टॉपरमध्ये बहुधा याच कुळातले घटक पाण्यात बरेच पातळ केलेले असतात. त्याचा थर कोटिंगवर नुसता बसतो आणि ऊन, शाम्पू व घर्षण यांमुळे एक ते तीन महिन्यांत बहुतांशी निघून जातो. त्यामुळे टॉपरने कोटिंग जाड होते किंवा झिजलेले कोटिंग भरून निघते, हा समज सोडून द्यावा. बाटलीवरचा ‘9एच’ हा आकडाही पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे. फडक्यात अडकलेल्या वाळूच्या कणाला त्याची मुळीच भीती नसते.

पाणी पसरू लागले म्हणून लगेच टॉपर फवारणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण अशा वेळी कोटिंग बहुधा गेलेले नसते, तर झाकले गेलेले असते. रस्त्यावरचा तेलकट धुरळा, ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके आणि पाण्यातले क्षार यांचा थर त्यावर साचतो आणि पाण्याचा स्पर्श कोटिंगला न होता त्या थराला होतो. तपासणी सोपी आहे. गाडी साध्या कार शाम्पूने नीट धुऊन वाळवावी, हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवावी आणि बोटे बोनेटवरून, मग दरवाजांच्या खालच्या भागावरून हलकेच फिरवावीत. पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागण्याऐवजी खरखरीत लागला, तर तो मळ आहे. टपावर पाण्याचे थेंब अजून गोल बसत असतील आणि केवळ चाकांमागच्या भागात पाणी पसरत असेल, तरीही निदान तेच.

मळ काढण्यासाठी प्रथम लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा वापरावा. तो कणांशी संयोग पावल्यावर जांभळा होतो, त्यामुळे कुठे किती साठले होते ते डोळ्यांना दिसते. बाटलीवर सांगितलेल्या वेळेनंतर, आणि काही झाले तरी वाळू न देता, तो भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. डांबराचे ठिपके असतील तर त्यासाठी मिळणारे वेगळे द्रावण तेवढ्याच जागी लावावे. क्षारांसाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, त्यात भिजवलेले मऊ कापड डागावर एक-दोन मिनिटे ठेवावे व लगेच धुवावे. आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे. एवढ्यावर पुष्कळ गाड्यांचे पाणी पुन्हा घरंगळू लागते आणि टॉपरची बाटली दुकानातच राहते. चिकणमातीसारखा क्ले बार मात्र उठसूट वापरू नये, कारण तो मळाबरोबर कोटिंगवरही घासला जातो.

आता टॉपरच्या खऱ्या कामाकडे येऊ. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत गाड्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुतल्या जातात, आणि मराठवाड्यातल्या कूपनलिकांच्या पाण्याबद्दल वेगळे सांगायला नको. या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. गंमत अशी की कोटिंग पाण्याचे जे सुबक, गोल थेंब बनवते, तेच थेंब उन्हात जागच्या जागी आटतात आणि प्रत्येक थेंबातले सगळे क्षार एका पांढऱ्या वर्तुळात सोडून जातात. ते तसेच तापत राहिले तर डाग कोटिंगमध्ये शिरतो आणि मग व्हिनेगरलाही दाद देत नाही. अशा ठिकाणी टॉपर हा बळी द्यायचा थर म्हणून उपयोगी पडतो: डाग आधी त्याच्यावर बसतो आणि पुढच्या धुण्यात त्याच्याबरोबर निघण्याची शक्यता वाढते. कबुतरांच्या आम्लयुक्त विष्ठेच्या बाबतीतही तो थोडी उसंत देतो, पण थोडीच; विष्ठा दिसली की ओल्या कापडाने भिजवून त्याच दिवशी उचलावी.

पाण्याचा विषय निघाला आहे तर एक सांगून टाकतो. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळजण त्याने गाडी धुतात. हेतू चांगला असला, तरी त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट होऊन आलेले असतात आणि रंगासाठी त्याहून वाईट पाणी घरात शोधून सापडणार नाही. उलट एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात; ते बादलीत साठवून, गाळून शेवटच्या हातासाठी वापरल्यास डाग बरेच कमी पडतात.

टॉपर मारण्याचे दुसरे कारण रोजच्या पुसण्याचे. सकाळी सहाला येऊन एका बादलीत आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणारा माणूस आपले काम प्रामाणिकपणे करत असतो, पण दहाव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात नऊ गाड्यांची धूळ जमलेली असते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे बहुधा इथूनच येतात. टॉपरमुळे पृष्ठभाग निसरडा होतो आणि धूळ थोडी कमी चिकटते, म्हणून घर्षण कमी होते, हे खरे. तरीही पुसणाऱ्या दादांना आपल्या गाडीसाठी वेगळी दोन मायक्रोफायबर फडकी देणे आणि ‘काच पुसा, पत्रा नको’ असे सांगणे हा उपाय कोणत्याही टॉपरहून सरस आणि स्वस्त आहे.

टॉपर मारायचा ठरल्यास गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. मी एकदा मे महिन्यात दुपारी घाई केली आणि टपावर उमटलेले इंद्रधनुषी पट्टे काढण्यात संध्याकाळ गेली. गाडी दोन बादल्यांच्या पद्धतीने, म्हणजे एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी ठेवून, धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. नंतर एका वेळी एकच भाग घ्यावा: अर्धे बोनेट किंवा एक दरवाजा. बाटली हलवून दोन-तीन फवारे थेट पत्र्यावर न मारता चौपदरी घडी केलेल्या कापडावर मारावेत, हलक्या हाताने आडवे-उभे पसरावे आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून चमक आणावी. जास्त मारल्याने जास्त संरक्षण मिळत नाही, फक्त पट्टे उमटतात. पुढच्या काचेवर टॉपर लावू नये, कारण त्यामुळे वायपर थरथरतात आणि रात्रीच्या पावसात समोरचे धूसर दिसते. ब्रेकच्या चकतीवर तर तो चुकूनही उडू देऊ नये. ओल्या गाडीवर फवारून धुऊन टाकायचे टॉपरही मिळतात, पण पाणी जड असेल तर ते टाळलेले बरे, कारण क्षार टॉपरखालीच अडकतात.

किती वेळा मारावा, याचे उत्तर दिनदर्शिकेत शोधू नये. चांगल्या पाण्याने महिन्यातून दोनदा धुतल्या जाणाऱ्या आणि छपराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला तो वर्षभर नसला तरी चालते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मेअखेर, पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीच्या आसपास मळ काढून झाल्यावर एकदा, एवढे पुरते; कोकणात समुद्राजवळ मधे आणखी एकदा मारण्यास हरकत नाही. कोटिंग नुकतेच झाले असेल तर पहिला आठवडा शाम्पू आणि टॉपर दोन्ही दूर ठेवावेत, आणि वॉरंटी असल्यास दुसऱ्या कंपनीचा टॉपर चालतो का हे त्या कागदावर वाचून घ्यावे. गाड्या चमकवण्यासाठी मिळणारे कार्नोबा मेण मात्र कोटिंगवर लावू नये. ते धूळ धरते आणि कोटिंगचा गुण झाकून टाकते.

सगळा मळ काढल्यावरही टपासकट सर्वत्र पाणी पसरत असेल, तर कोटिंग खरोखर संपलेले आहे. टॉपर मारल्यावर थेंब पुन्हा गोल दिसतील, पण ते थेंब टॉपरचे असतील आणि दोन महिन्यांत जातील. तेव्हा मशीनने हलके पॉलिश करून नवे कोटिंग घ्यावे किंवा परवडत नसेल तर कोटिंगचा नाद सोडून केवळ टॉपरवर गाडी सांभाळावी. तेही चालते, फक्त मग तो दर दोन महिन्यांनी न चुकता मारावा लागतो.