नव्या मंडळीचं मिशन आणि व्हिजन कसं ठरवावं?

नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचं नवं चर्च, सुरू होते तेव्हा पहिले काही महिने मिशन-व्हिजनची गरज कुणालाच भासत नाही. माणसं मोजकी, उत्साह भरपूर, आणि काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक. गरज कळते ती पहिल्या वादात. जमलेलं दानार्पण साउंड सिस्टिमवर खर्चायचं की मुलांच्या अभ्यासवर्गावर? दोन्ही बाजूंची माणसं प्रार्थना करणारी, दोन्ही बाजूंकडे बायबलची वचनं तयार. आपण कशासाठी एकत्र आलो हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने निकाल लागतो, नाहीतर पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, मनात येईल तसा. म्हणून हे काम पहिल्या जाहीर उपासनेच्या आधी उरकावं. नीट केलं तर १० ते १२ आठवड्यांत होतं.

आधी तीन कागद वेगळे करा. मंडळी काय मानते हा झाला विश्वासांगीकार. ती रोज काय करते आणि कोणासाठी, हे मिशन. ते करत राहिल्यावर तीन ते पाच वर्षांनी काय दिसेल, हे व्हिजन. पहिला कागद नव्याने लिहायची फारशी गरज नसते. प्रेषितांचा विश्वासांगीकार आहे, इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेतून आलेला आहे, आणि तुम्ही एखाद्या पंथाशी संलग्न असाल तर त्यांचा मजकूर तयार मिळतो. त्रैक्य, तारण, बाप्तिस्मा यांबद्दलची शिकवण मिशनच्या वाक्यात कोंबली की वाक्याचं पान होतं आणि ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पायरी १ : लिहिणारी माणसं निवडा

मसुदा समितीत पाच ते सात जण असावेत. त्याहून जास्त झाले तर शब्दांवर चर्चा रंगते आणि काम रेंगाळतं. पाळक असतीलच. त्यांच्याबरोबर किमान दोन स्त्रिया, एक तरुण, हिशेब कळणारा एक जण आणि विश्वासात नुकताच आलेला एक जण घ्या. हा शेवटचा माणूस फार कामाचा. जुन्या विश्वासू मंडळींना जे शब्द सवयीचे झालेत, ते त्याला अजून खटकतात आणि तो अर्थ विचारतो.

पाळकांनी एकट्याने लिहून रविवारी वाचून दाखवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग पडणारा मार्ग. ‘देवाने मला दर्शन दिलं’ असं म्हटल्यावर कोण प्रश्न विचारणार? लोक मान डोलावतात, पण काम पाळकांचंच राहतं, आणि पाळक गेले की व्हिजनही त्यांच्याबरोबर जातं. देवाने आपल्याशी बोलावं अशी अपेक्षा जरूर ठेवावी. पण अंत्युखियाच्या मंडळीत बर्णबा आणि शौल (पौल) यांना सेवेसाठी वेगळं करण्याचा आदेश आला तेव्हाही तिथे पाच जण एकत्र उपासना आणि उपास करत होते (प्रेषितांची कृत्ये १३:१-३).

पायरी २ : चार आठवडे शास्त्रापुढे बसा

मंडळीचं मूळ काम नव्याने शोधायचं नसतं, ते दिलेलं आहे. तुमच्या वाट्याला उरतं ते एवढंच, की हे काम तुमच्या माणसांत, तुमच्या पैशांत आणि तुमच्या आठवड्यात कसं बसवायचं. त्यासाठी आठवड्याला एक उतारा, दीड तासाची बैठक आणि प्रत्येक वेळी तेच तीन प्रश्न: इथे मंडळीला काय करायला सांगितलंय? कोणासाठी? आपण यातलं आज काय करत नाही?

पहिला उतारा मत्तय २८:१८-२०. यातला गाभा शिष्य करण्याचा आहे. जाणं, बाप्तिस्मा देणं आणि पाळायला शिकवणं हे त्याभोवती आहे. ‘सभा भरवा’ असं त्यात कुठेच नाही. दुसरा, प्रेषितांची कृत्ये २:४२-४७: शिकवण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना, आणि गरजेप्रमाणे वाटून घेणं. तिसरा, इफिसकरांस ४:११-१६: पाळक आणि शिक्षक दिलेत ते पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी सिद्ध करायला, सगळी सेवा स्वतः करायला नव्हे.

चौथा उतारा थोडा सावकाश वाचा: प्रेषितांची कृत्ये ६:१-७. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. तक्रार खरी होती. प्रेषितांनी ती झटकली नाही, पण पंगतीची सेवा स्वतःच्या अंगावरही घेतली नाही. प्रार्थना आणि वचनाची सेवा हे आपलं काम हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली आणि काम त्यांच्यावर सोपवलं. मिशन स्पष्ट असलं की चांगल्या कामालाही ‘हे आमच्याकडून नाही, पण कोण करेल ते ठरवू’ असं म्हणता येतं.

जाता जाता: व्हिजनच्या बैठकांत नीतिसूत्रे २९:१८ (‘दर्शन नसलं की लोक अनावर होतात’ अशा अर्थाचं वचन) हमखास निघतं. त्याचा उत्तरार्ध नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हणतो. म्हणजे तिथे विषय देवाच्या प्रकट वचनाचा आहे, पंचवार्षिक योजनेचा नाही. आपल्या मसुद्याला त्या वचनाचा टेकू देऊ नका.

पायरी ३ : परिसर पायी पाहा

पुढचे तीन आठवडे यासाठी ठेवा. जिथे उपासना भरणार त्याभोवतीचा चालत जाता येईल एवढा भाग घ्या, दोघादोघांच्या जोड्या करा, आणि वेगवेगळ्या वेळी फिरा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. रविवारी सकाळी कोण मोकळं असतं आणि कोण कामावर असतं, हे फिरल्याशिवाय कळत नाही. उपासनेची वेळ ठरवण्याआधी ते कळलेलं बरं.

सगळे मिळून २० ते ३० जणांशी बोला. दुकानदार, शिक्षक, आरोग्यसेवक, घरी असणाऱ्या आजी-आजोबा. विचारायचं ते असं: इथे राहायला काय चांगलं आहे, काय अवघड आहे, नवीन आलेल्या माणसाला ओळखी कशा होतात, अडचण आली तर लोक कोणाकडे जातात. ‘आमच्या चर्चला याल का?’ हा प्रश्न या फेरीत विचारू नका. तो विचारला की समोरचा सावध होतो आणि पुढची उत्तरं भिडेपोटी येतात.

जवळच्या इतर मंडळ्यांच्या पाळकांनाही भेटा. कोणतं काम आधीच चाललंय आणि कोणतं कुणीच करत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्यातली निम्मी माणसं एकाच जुन्या मंडळीतून आली असतील, तर तिथल्या पाळकांशी उघडपणे बोलून निरोप घ्या. ते टाळलं, तर तुम्ही सुरू केलंय ती नवी मंडळी नसून जुन्या भांडणाचं नवं नाव आहे.

पायरी ४ : मिशनचं वाक्य

एक वाक्य, २५ शब्दांच्या आत. पहिला मसुदा बहुधा असा येतो:

‘देवाच्या गौरवासाठी प्रेमाने, विश्वासाने व आत्म्याच्या सामर्थ्याने सर्व राष्ट्रांपर्यंत सुवार्ता पोहोचवून समाजात आमूलाग्र परिवर्तन घडवणारी आदर्श मंडळी उभारणे.’

यात चूक काही नाही, आणि अडचण तीच आहे. मंडळीचं नाव हाताने झाका. हे वाक्य जगातल्या कुठल्याही मंडळीच्या भिंतीवर शोभेल. आता पेन्सिल घ्या. ‘आमूलाग्र परिवर्तन’: झालं की नाही हे कोण सांगणार? खोडा. ‘सर्व राष्ट्रांपर्यंत’: आज्ञा खरी आहे, पण बारा माणसांच्या या मंडळीचा त्यातला वाटा कोणता? तो लिहा. ‘आदर्श’: कोणाच्या तुलनेत? खोडा. ‘मंडळी उभारणे’: मंडळी उभी राहिल्यावर काय करणार, ते लिहा. मग राहिलेल्या जागेत कोणासाठी, काय आणि कसं एवढंच भरा. समजा फेरीत दिसलं की भागात बाहेरून कामासाठी आलेली कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांना इथे कुणी ओळखत नाही. मग वाक्य असं होतं:

‘या वस्तीत कामासाठी नव्याने आलेल्या कुटुंबांना येशूची ओळख करून देणे, त्यांना शिष्य म्हणून घडवणे आणि त्यांच्या अडचणीत शेजारी म्हणून सोबत उभे राहणे.’

तीन क्रियापदं, म्हणून तीन प्रकारची कामं. चौथं आलं की पहिलं मागे पडतं. ‘मग बाकीच्यांना दार बंद का?’ असा आक्षेप येईलच. उपासनेला कोणीही यावं. वाक्य फक्त एवढं सांगतं की पुढाकार घेऊन तुम्ही कोणाकडे जाणार.

आणि ‘सोबत उभे राहणे’ लिहिलंत तर एक गोष्ट आधीच ठरवून टाका: मदतीला उपस्थितीची अट नाही. शिकवणी, औषधं, धान्य हे उपासनेला येण्याशी जोडलं की मदत घेणाऱ्याची अडवणूक होते आणि सुवार्तेवरचा विश्वास उडतो. सेवाही करा, साक्षही द्या, पण एकाची किंमत म्हणून दुसरं मागू नका.

पायरी ५ : व्हिजन, आणि त्यामागचं गणित

व्हिजन अर्ध्या पानाचं असावं. मुदत तीन ते पाच वर्षं. त्यात डोळ्यांना दिसतील अशा गोष्टी हव्यात. ‘आत्मिक वाढ झालेली असेल’ हे दिसत नाही. ‘वस्तीत सहा ठिकाणी दर आठवड्याला घरसभा भरत असतील आणि प्रत्येकीला पाळकांशिवाय दोन चालक असतील. नवं कुटुंब आलं की महिन्याभरात मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी जेवून गेलेलं असेल’ हे दिसतं.

आता गणित. सहा घरसभा म्हणजे १२ चालक. आज दोन घरसभा आणि चार चालक आहेत असं धरा. एक जोडी दुसरी जोडी तयार करायला साधारण दीड वर्ष घेते, कारण नवा माणूस आधी नुसता बसतो, मग अर्धी सभा घेतो, मग पूर्ण घेतो आणि जुना बाजूला बसून पाहतो. या वेगाने दीड वर्षात चार घरसभा आणि तीन वर्षांत आठ. पण काही जण गाव बदलतात, काही जण थकतात. म्हणून पाच वर्षांत सहा हा आकडा रास्त. तीन वर्षांत वीस लिहिलेत तर अर्धवट तयार माणसांच्या हाती सभा द्याव्या लागतील. बुरूज बांधण्याआधी खर्च मोजायला सांगितलंय ते उगाच नाही (लूक १४:२८-३०).

इमारत व्हिजनच्या पहिल्या ओळीत नको. ती आली की पुढची सगळी वर्षं निधी गोळा करण्यातच जातात. तिला शेवटच्या परिच्छेदात, कामाला जागा किती लागेल याच्या हिशेबात ठेवा.

पायरी ६ : आठवडा आणि पैसा तपासा

बहुतेक मंडळ्या हीच पायरी गाळतात. बारा जण आठवड्याला प्रत्येकी चार तास देऊ शकतात असं धरा. झाले ४८ तास. रविवारच्या उपासनेला गाण्याचा सराव, मांडामांड, संडे स्कूल, सफाई धरून सहा जणांचे प्रत्येकी चार तास, म्हणजे २४. दोन घरसभांच्या चार चालकांचे तयारीसकट प्रत्येकी तीन, म्हणजे १२. उरले १२. त्यात मुलांची शिकवणी बसेल किंवा रुग्णभेटी बसतील. दोन्ही घेतलंत तर तीच चार माणसं सगळीकडे दिसू लागतात आणि वर्षभरात घरी बसतात. मुलांचं काम निवडलंत तर एका खोलीत एकटा मोठा माणूस कधीच नको, नेहमी दोघं हवीत. तासांचा हिशेब याच नियमाने करा.

पैशांचंही तसंच. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक खर्चापुढे मिशनमधलं एक क्रियापद लिहा. भाडं आणि वाद्यं यांतच सगळं संपत असेल आणि ‘सोबत उभे राहणे’ पुढे काहीच नसेल, तर वाक्य खोटं आहे किंवा अंदाजपत्रक. दानार्पण मोजायला एकमेकांचे नातेवाईक नसलेले दोघं असावेत. पौलानेही वर्गणी नेताना कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून सोबत इतरांना घेतलं होतं (२ करिंथकरांस ८:१९-२१).

पायरी ७ : मोठ्याने वाचा, मग मंजूर करा

मसुदा तिघांना वाचून दाखवा: दहा-बारा वर्षांच्या मुलाला, एका आजीला आणि चर्चशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याला. ऐकून झाल्यावर त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. जिथे ते अडखळतात तिथे शब्द बदला. शेजारी दुखावला गेला तर का, ते विचारा. मसुद्यात दुसऱ्या पंथावर किंवा धर्मावर टोमणा राहून गेला असेल तर तो इथे सापडतो.

मग सर्वांसमोर ठेवा, दोन आठवडे सूचना घ्या, आणि तिसऱ्या आठवड्यात मंजुरी. ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी टाळ्यांनी मंजूर करू नका. संस्था म्हणून नोंदणी करणार असाल तर घटनेतली उद्दिष्टं या वाक्याशी विसंगत नाहीत ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या.

पायरी ८ : वापरात ठेवा

नव्या सभासदांच्या पहिल्या वर्गात मिशन शिकवा आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय म्हणून वाचा. दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न घ्या: या काळात कशाला नाही म्हटलं? एकदाही म्हटलं नसेल, तर वाक्य नुसतं भिंतीवर आहे.

वार्षिक आढाव्याला प्रकटीकरण २ आणि ३ मधली सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रं उघडा. इफिसच्या मंडळीचे श्रम भरपूर होते, पण पहिली प्रीती सुटली होती. ज्या दोघींवर एकही ठपका नाही, त्यांतली स्मुर्णा दरिद्री होती आणि फिलदेल्फियाची शक्ती थोडी. हजेरीचा आकडा घसरलाय म्हणून व्हिजन फेकून देण्याआधी हे वाचलेलं असावं.

व्हिजनचा कागद मुदत संपली की नवा करा आणि जुना फाइलमध्ये राहू द्या; नव्या वडीलजनांना कोणते अंदाज चुकले ते त्यातूनच कळतं. मिशनला मात्र सहजी हात लावू नका. वस्तीच बदलली, ती कुटुंबंच निघून गेली, तर पायरी ३ पासून सगळं पुन्हा करा, आणि समितीत तेव्हाही एक नवा विश्वासू घ्या.