हाडं मजबूत करायचीयत? नुसतं चालून भागणार नाही

रोज तासभर चालतो, मग हाडांचं कशाला टेन्शन, असं बरेच जण म्हणतात. चालणं चांगलंच आहे, पण हाड तास मोजत नाही, भार किती जोरात आणि किती पटकन आला यावर त्याचं सगळं ठरतं. हाडात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात, भार आला की हाड अगदी किंचित वाकतं, आतल्या बारीक नळ्यांमधलं द्रव सरकतं आणि ते या पेशींना जाणवतं, मग त्या स्क्लेरोस्टिन हे प्रोटीन कमी सोडतात आणि हाड बांधण्यावरचा ब्रेक सुटतो. वजन धरून नुसतं स्थिर उभं राहिलात तर द्रव हलतच नाही, त्यामुळे फायदा जवळपास शून्य.

तब्येत धडधाकट असेल तर उड्यांपासून सुरुवात करा. सकाळी 10, संध्याकाळी 10, आणि दोन उड्यांच्या मध्ये 10-15 सेकंद थांबा. सलग शंभर मारण्यात अर्थ नाही, कारण थोड्याच वेळात पेशी दाद देईनाशा होतात, उंदरांवरच्या प्रयोगांत त्या पूर्ववत व्हायला साधारण 8 तास लागले होते.

सोबत आठवड्यातून दोनदा वेट ट्रेनिंग, स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), आधी फॉर्म नीट शिकून मग वजन हळूहळू वाढवायचं, वर्षभर तेच दोन किलोचे डंबेल उचलत बसलात तर हाडाला त्याची सवय होऊन जाते आणि ते ढिम्म राहतं.

आणि जिथे भार तिथेच फायदा हं, टेनिसपटूंच्या रॅकेटवाल्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. पोहणं, सायकलिंग हृदयाला मस्त, हाडांना फारसं नाही.

रिझल्टची घाई नको. जुनं हाड खरवडून नवीन भरायला काही महिने जातात, ते पक्कं व्हायला आणखी वेळ, म्हणून वर्षाच्या आत परत डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून उगाच निराश होऊ नका.

नडगीवर किंवा पावलात एकाच जागी बोट ठेवलं की दुखतंय आणि पळताना वाढतंय? तर थांबाच, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर) असू शकतं, ते दामटून बरं होत नाही. ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) आधीच निघालेला असेल तर उड्या आणि कमरेत वाकून वजन उचलणं स्वतःच्या मनाने अजिबात सुरू करू नका, डॉक्टर किंवा फिजिओला विचारून, त्यांच्या नजरेखालीच करा.