यीस्टशिवाय दालचिनी रोल : ताक ओतण्याआधीची तयारी

ताक पिठात पडलं की बेकिंग पावडर लगेच कामाला लागते. यीस्टसारखी ती तासभर वाट बघत नाही. तिथून रोल ओव्हनमध्ये जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं धरा. तेवढ्यात सारण शोधायला, डब्याला लोणी लावायला वेळ नसतो. त्यामुळे खालचं सगळं ओट्यावर मांडून झाल्याशिवाय ताकाला हात लावू नका.

नऊ रोलसाठी मैदा ३०० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ सपाट चमचे, खायचा सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा आणि साखर २ मोठे चमचे हे सगळं एकत्र करून दोनदा चाळा. चाळणं टाळलं तर सोड्याची गुठळी राहते आणि रोलवर पिवळा ठिपका येतो. तो घास साबणासारखा लागतो. बेकिंग पावडरचा डबा कधी उघडला ते आठवत नसेल तर अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, नुसते चार बुडबुडे आले तर नवा डबा आणा. जुनी पावडर दुप्पट घालून काम भागत नाही, फक्त चव बिघडते.

सोलापुरात सगळ्यात जास्त सांभाळायचं ते लोणी. ७५ ग्रॅम लोणी किसून, ताटलीत पसरून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. लोण्याचे घट्ट कण पिठात तसेच राहिले, तर ओव्हनमध्ये वितळताना त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि रोलला पापुद्रे सुटतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाहेर काढलेलं लोणी बघता बघता तेलकट होतं. मग पीठ बिस्किटासारखं भुसभुशीत होतं, पापुद्रे सुटत नाहीत. त्या दिवसांत हे काम सकाळीच उरका, आणि चाळलेला मैदाही परातीसकट फ्रीजमध्ये ठेवा. ओट्याची फरशीसुद्धा तापलेली असते. बर्फाचं पाणी भरलेलं पातेलं लाटायच्या जागेवर दहा मिनिटं ठेवा, मग फरशी कोरडी पुसा. हाताला गारवा लागला पाहिजे. लोणी घरचं असेल तर धुऊन, दाबून पाणी काढून टाका. पाकिटातलं खारं बटर घेतलं तर वरचं मीठ वगळा. तूप चालणार नाही, त्यात पाणीच नसतं.

ताक १७० मिली लागेल. १२० ग्रॅम दही आणि ५० मिली पाणी घुसळून गार करा. उन्हाळ्यातलं आंबट दही इथे उलट बरं, सोड्याला आंबटपणा लागतोच.

दालचिनीसाठी सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या बाजारात जाणार असाल तर साल हातात घेऊन बघा. जाड, कडक, एकाच पदराची गुंडाळी म्हणजे कॅसिया. वास उग्र, चव तिखट. पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरडणारी ती सिलोनी. वास गोडसर, भावही जास्त. रोलला दोन्ही चालतात, पण कॅसिया घेतली तर थोडी कमी घाला. घरी दळून बारीक चाळणीनं चाळा, नाहीतर दाताखाली कचकचते. सारणाला एक मोठा चमचा पूड, ८० ग्रॅम ब्राउन शुगर किंवा कोरडी गूळ पावडर, चमचाभर मैदा आणि चिमूट मीठ कालवून ठेवा. लाटलेल्या पिठावर लावायला ४० ग्रॅम लोणी वेगळं, मऊ झालेलं. ओलसर चिकीचा गूळ घेऊ नका. तो पाघळून डब्याच्या तळाला जळतो. चमचाभर मैदा असतो तो हा पाक धरून ठेवायलाच.

आठ इंची चौकोनी डबा, त्याला लोणी आणि बेकिंगचा कागद. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २०० अंशांवर, दोन्ही रॉड चालू, पंधरा मिनिटं आधी लावा. कापायला पांढरा, न रंगवलेला सुती दोरा हातभर ठेवा. सोलापूरच्या घरात त्याची वानवा नसते. सुरीच्या दाबानं रोल चपटा होऊन सारण बाहेर येतं. दोरा खालून सरकवून वर फुली मारून ओढला की काप गोल राहतो.

एवढं मांडून झालं की लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, हरभऱ्याएवढे कण दिसू द्या. ताक ओतून चमच्यानं गोळा करा आणि सात-आठदा घडी घालून थांबा. भाकरीचं पीठ तळहातानं रगडायची सवय इथे आवरायची. ज्वारीत ग्लुटेन नाही म्हणून ती रगडावी लागते. मैद्यात आहे, जितकं मळाल तितके रोल चिवट होतील. पीठ थोडं खडबडीत, किंचित चिकट दिसलं तर बरोबर आहे. ३० बाय २२ सेंटीमीटरचा आयत लाटा, लोणी-सारण पसरा, लांब बाजूनं घट्ट गुंडाळा, नऊ काप करा. वरून दूध लावून वीस ते बावीस मिनिटं भाजा. मधल्या रोलमध्ये काडी घालून बघा, कडेचे नेहमी आधी होतात. वर लालसर पण मध्ये कच्चं असेल तर कागद झाकून आणखी पाच मिनिटं द्या.

भाजताना वीज गेली तर दार उघडू नका, आतली धग काही मिनिटं टिकते. आधीच गेली तर डबा झाकून फ्रीजमध्ये ठेवा. तासाभरानं भाजले तरी जमतात, फुगतात थोडे कमी.

वरच्या लेपाला ५० ग्रॅम चक्का आणि ५० ग्रॅम पिठीसाखर फेटा, रोल कोमट झाल्यावर लावा; गरमावर लावला तर पाणी होऊन वाहतो. यीस्टशिवायचे रोल दुसऱ्या दिवशी कडक होतात. उरतील असं वाटलं तर त्यांना लेप लावू नका. तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर दोन-तीन मिनिटांत ते पुन्हा मऊ होतात.