कुटुंब दत्तक घेताय? आधी गोळ्यांचं पाकीट मागा

पहिल्या वर्षी गावाकडे जाणारी बस बघितली की माझ्या पोटात गोळा यायचा. ॲनाटॉमी डोक्यावर आणि आपण निघालो लोकांची घरं मोजायला! तुम्हालाही तसंच वाटेल. पण गावातली काही घरं वाटून घ्यायची आणि त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायचं, असा हा कुटुंब दत्तक उपक्रम 2022 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच आहे, आणि नर्सिंगवाल्यांच्या पाचवीला फॅमिली फोल्डर (एकेका घराच्या आरोग्याची नोंदवही) पूर्वीपासूनच पुजलेला. सुटका नाही.

फॉर्म कसा भरायचा ते विभागात सांगतातच. फसायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. बस पोचते अकराला, तेव्हा सगळे शेतात. घरी सासू आणि गरोदर सून. आपण विचारतो सुनेबद्दल, उत्तर देते सासू. "लोहाच्या गोळ्या घेते का?" "घेते की!" झाली टिक. ही टिक काही कामाची नाही. गोळ्या मिळाल्या, घरात आहेत आणि पोटात गेल्या, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि "घेते की"मध्ये तिन्ही बसतात. म्हणून पाकीट मागा. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा 180 गोळ्या पोटात जायला हव्यात. किती मिळाल्या, किती उरल्या ते मोजा. जास्त उरल्या असतील तर ओरडू नका, "त्रास होतो का?" एवढंच विचारा. शौचाला काळी होते म्हणून घाबरून कित्येक जणी बंद करतात. मळमळतं म्हणून करतात. कुणी चहाबरोबर घेते, कुणी कॅल्शियमच्या गोळीसोबत, मग लोह नीट शोषलंच जात नाही. यातलं एकही कारण छापील फॉर्मवर नसतं.

आणि हे सासूसमोर कळत नाही. सुनेला वजन करायच्या निमित्ताने बाजूला घ्या, किंवा अंगणवाडीत आरोग्य-पोषण दिवस असेल तेव्हा गाठा.

सीनियरचा फोल्डर उतरवू नका. नावं बदलून तेच हिमोग्लोबिन लिहिलेलं लगेच ओळखू येतं. गुरू हवा असेल तर गावातल्या आशाताईंना, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीला, धरा. माझ्या मते बसमध्ये बसून सह्या करणाऱ्या कुठल्याही सरांपेक्षा त्या जास्त शिकवतात. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली दिसलं तर नुसतं वहीत लिहून परतायचं नाही, उपकेंद्राच्या सिस्टरला त्याच दिवशी सांगायचं. तेवढं केलंत तर जर्नल उशिरा दिल्याबद्दल बोलणी खा खुशाल. त्यापायी कुणाचं वर्ष गेलेलं मी तरी पाहिलं नाही.