जर्मन बोलताना इंग्रजी बाजूला ठेवा: जर्मनीतल्या पहिल्या काही महिन्यांतले घोटाळे आणि त्यांवरचे उपाय

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं बहुतेक वेळा इंग्रजीच्या काठीने जर्मन चालवतात. वाक्य मनात इंग्रजीत जुळवायचं आणि एकेक शब्द बदलत जायचं. रोजच्या व्यवहारातले बरेच घोटाळे इथूनच होतात, कारण काही मोक्याच्या जागी जर्मन भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे.

आकड्यांचंच बघा. 37 ला जर्मनमध्ये 'झीबन-उंट-द्रायसिश' म्हणतात, म्हणजे सात आणि तीस. इंग्रजीची सवय असलेला माणूस सात ऐकताच 7 लिहितो, पुढे 3 लिहितो आणि 73 करून बसतो. मराठीत सदतीस म्हणतानाही सात आधीच येतो. म्हणून ऐकलेला आकडा थेट मराठीत घ्या, मधे इंग्रजी नको. अडचण फक्त एकोणवीस, एकोणतीस ते एकोणनव्वदपर्यंतच्या आकड्यांची: तिथे आपण पुढच्या दशकातून एक उणा करतो, जर्मन मात्र एकोणतीसला सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतो.

फोन नंबर पुष्कळदा जोड्यांनी सांगतात. जोडी पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवू नका, किंवा 'आयन्त्सेल्न, बिटे' म्हणा, म्हणजे समोरचा एकेक आकडा सांगेल. फोनवर 'त्स्वो' ऐकू आलं तर ते दोनच. 'त्स्वाय' (दोन) आणि 'द्राय' (तीन) यांत गल्लत होऊ नये म्हणून तसं म्हणतात. लेखी आकड्यांत टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात: 1.250,50 युरो म्हणजे साडेबाराशे युरो आणि पन्नास सेंट. हाताने लिहिलेल्या 1 ला लांब तिरकी रेघ असते, तो आपल्याला 7 वाटतो. त्यांच्या 7 ला मधे आडवी रेघ असते.

वेळेत सगळ्यात जास्त फसगत होते. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेआठ नाही, साडेसात. आठवा तास अर्धा झाला, असा तो हिशोब आहे. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे याच पद्धतीने 'फियरटल आख्ट' म्हणजे सव्वासात आणि 'द्रायफियरटल आख्ट' म्हणजे पावणेआठ. पाऊण आणि आठ मिळून पावणेआठ म्हणणाऱ्याला हे लगेच पटतं. तरी घर बघायला जायचं असेल किंवा डॉक्टरची वेळ असेल तर चोवीस तासांच्या भाषेत परत विचारा: 'आल्झो, झीबन ऊअर द्रायसिश?' नुसतं 'या, या' (हो, हो) म्हणून फोन ठेवू नका.

आता 'मला'. थंडी वाजली की इंग्रजी वळणाने 'इश बिन काल्ट' म्हटलं जातं. त्याचा अर्थ मी भावनाशून्य आहे असा घेतला जाऊ शकतो. 'इश बिन हाइस' तर लैंगिक अर्थाचं वाक्य होतं, ते वर्गात किंवा ऑफिसात तोंडून गेलं की फार अवघड होतं. आपण 'मला थंडी वाजते', 'मला गरम होतंय' म्हणतो, तसंच जर्मनमध्ये 'मिअर इस्ट काल्ट', 'मिअर इस्ट वार्म' म्हणतात. पोट भरलं तर 'इश बिन झाट' म्हणा. 'फोल' म्हटलं की बोलीत दारू चढली असा अर्थ होतो. काही हवं असेल तर 'इश विल' टाळा. ते इंग्रजी 'विल' नव्हे, 'मला पाहिजेच' असं उद्धट ऐकू येतं. 'इश म्योश्टे' वापरा.

कोणी काही खायला पुढे केलं आणि तुम्ही फक्त 'दांके' (धन्यवाद) म्हणालात, तर तो बहुधा नकार समजला जातो आणि ताट पुढे सरकतं. हवं असेल तर 'या, गेर्न' म्हणा.

'डू' आणि 'झी' हे आपलं तू आणि आपण. विद्यार्थी एकमेकांना 'डू' म्हणतात. घरमालक, डॉक्टर, सरकारी कचेरी इथे 'झी'. 'डू' वर यायचं निमंत्रण वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने द्यायचं असतं. 'तुम्ही' चं शब्दशः भाषांतर म्हणून 'इअर' वापरू नका, तो अनेक मित्रांना एकत्र हाक मारण्याचा शब्द आहे.

दोन टिंबं असलेला 'ऊ' शिकून घ्याच. जीभ 'ई' च्या जागी ठेवा, ओठ 'ऊ' सारखे गोल करा आणि जीभ न हलवता आवाज काढा. हवेबद्दल 'श्व्यूल' म्हटलं तर दमट. साधा 'ऊ' लावून 'श्वूल' म्हटलं तर तो समलिंगी पुरुषासाठीचा शब्द आहे.

दुकानात शब्द वाचूनच वस्तू उचला. 'वाशमिटल' हा कपड्यांचा साबण, 'वाइशश्प्यूलर' म्हणजे कपडे मऊ करायचं द्रव्य. बाटल्या सारख्याच दिसतात आणि दुसऱ्याने कपडे फक्त सुवासिक होतात, मळ तसाच राहतो. मशीनच्या खणात II वर साबण, फुलाच्या चित्रावर मऊ करायचं द्रव्य. हाताने भांडी घासायचं 'श्प्यूलमिटल' डिशवॉशरमध्ये ओतलं तर फेस जमिनीवर येतो. आणि हे नीट लक्षात ठेवा: खाण्याचा सोडा म्हणजे 'नात्रोन'. पाकिटावर नुसतं 'झोडा' किंवा 'वाशझोडा' असेल तर तो धुण्याचा सोडा, तो खायचा नाही. डोकेदुखीची गोळी 'ड्रोगेरी' (साबण-प्रसाधनांचं दुकान) मध्ये शोधू नका, औषधं 'अपोटेके' मध्ये मिळतात.

घराच्या जाहिरातीत 'काल्टमीटे' म्हणजे निव्वळ भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा यातही नसतं, विचारून घ्या. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा तुम्हाला हक्क आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' लागतं. किल्ली घेतानाच ते मागा. फॉर्मवर 'फोरनामे' म्हणजे स्वतःचं नाव, 'नाखनामे' म्हणजे आडनाव. वडिलांचं नाव पासपोर्टात जिथे आहे तिथेच लिहा. आणि पत्रपेटीवर आडनाव चिकटवा, नाहीतर बँकेची आणि विद्यापीठाची पत्रं परत जातात. आलेल्या पत्रात आधी दोन शब्द शोधा: 'फ्रिस्ट', म्हणजे मुदत, आणि 'मानुंग', म्हणजे थकबाकीची ताकीद. दोन्हींपैकी एक दिसलं तर पत्र त्याच दिवशी कोणाकडून तरी समजून घ्या.

तातडीचे नंबर फोनमध्ये घाला: 112 रुग्णवाहिका आणि अग्निशमन, 110 पोलीस, आणि जिवावरचं नसेल पण दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर 116117. फोन लावल्यावर आधी रस्ता, घर क्रमांक आणि गाव सांगा, मग काय झालं ते. घर क्रमांक एकेक आकडा सुटा सांगा आणि समोरच्याने प्रश्न संपवल्याशिवाय फोन ठेवू नका.