दोन मध्यम एसयूव्हींतून एक निवडताना: आधी व्हेरियंट, मग आपला रस्ता

ह्युंदाईची क्रेटा घ्यावी की मारुतीची ग्रँड विटारा, असा प्रश्न विचारला तर त्याला नेमके उत्तर देता येत नाही. क्रेटा या एकाच नावाखाली साधे 1.5 लिटर पेट्रोल, 160 पीएसचे टर्बो पेट्रोल आणि डिझेल अशा तीन वेगळ्या स्वभावाच्या गाड्या मिळतात. ग्रँड विटाराच्या माइल्ड हायब्रिड (इंजिनाला विजेच्या मोटरची थोडीच मदत) आणि स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ नुसत्या विजेवरही चालणारी) या प्रकारांत तर मूळ इंजिनही वेगळे आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आपल्या बजेटात बसणारा एकेक व्हेरियंट आधी ठरवावा आणि पुढची सगळी तुलना त्या दोनांचीच करावी. शोरूममध्ये उभी असलेली गाडी बहुतेक वेळा सर्वांत वरच्या श्रेणीची असते. तिचे सनरूफ आणि मोठी स्क्रीन पाहून मन बनवायचे आणि बुकिंग मधल्या श्रेणीचे करायचे, असे अनेक घरांत होते. आपण घेणार तोच व्हेरियंट दाखवा, असा आग्रह धरण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

बजेट ऑन-रोड, म्हणजे कर, विमा आणि नोंदणी धरून होणाऱ्या किमतीतच मोजावे. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के आणि डिझेल गाडीला 14 टक्के रस्ता कर लागतो. किंमत 20 लाखांच्या वर गेली की हे दर 13 आणि 15 टक्के होतात आणि वाढीव दर संपूर्ण किमतीवर लागू होतो. म्हणून 20 लाखांच्या सीमेवरचे दोन व्हेरियंट तपासताना एखाद्या जादा सुविधेची खरी किंमत माहितीपत्रकात दिसते त्यापेक्षा जास्त असू शकते. 10 लाखांहून महाग गाडीवर विक्रेता 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर) हाही घेतो, पण ती रक्कम आपल्या प्राप्तिकरात वळती होते, त्यामुळे तुलनेच्या तक्त्यात ती खर्च म्हणून धरू नये. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते. बाहेरून दोन-तीन ठिकाणचे दर मागवले, तर विम्याच्या रकान्यात किती जागा आहे ते लगेच कळते.

इंधनाचा हिशेब मात्र सवडीने करावा, कारण लोकांची सर्वाधिक फसगत इथेच होते. ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिडचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे. ज्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या नावाने असे आकडे ओळखले जातात, ती आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच आहे. पण तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगचक्रानुसार गाडी चालवून काढलेला असतो. कर्वे रोडवरची संध्याकाळ किंवा हिंजवडीकडे जाणारी सकाळची रांग त्यात नसते. त्यामुळे दोन गाड्यांचे प्रमाणित आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत, पण महिन्याचा खर्च त्यांवरून काढू नये. खर्चासाठी, जे मालक शहरात रोज गाडी चालवतात त्यांना टाकी भरून मोजलेले अ‍ॅव्हरेज विचारावे.

समजा, साधी पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी शहरात लिटरला 12 आणि हायब्रिड 20 किलोमीटर देते. पेट्रोल 104 रुपये धरले आणि महिन्याचे रनिंग 1,000 किलोमीटर असेल, तर पहिलीला सुमारे 83 आणि दुसरीला 50 लिटर लागतील. वर्षाची बचत साधारण 41,600 रुपये होईल. दोघींच्या ऑन-रोड किमतीत 3 लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि रनिंग निम्मे असेल तर चौदा वर्षांहून अधिक. हेच गणित आपल्या आकड्यांनी मांडावे. हायब्रिडचा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत सर्वाधिक असतो, कारण तिथे विजेची मोटर वारंवार काम करते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते. एक्स्प्रेस-वेवर स्थिर वेगाने जाताना हा फायदा कमी होतो. ज्यांचे बहुतेक रनिंग पुणे-मुंबई आहे, त्यांनी डिझेलचाही हिशेब त्याच कागदावर करावा. शिवाय स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी डिकीखाली असल्याने सामानाची जागा घटते, आणि गणपतीला चार जणांच्या बॅगा घेऊन कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला ते नक्की जाणवते.

टेस्ट ड्राइव्हवर मी सर्वाधिक भर देईन. दोन्ही गाड्या शक्यतो एकाच दिवशी, एकाच मार्गावर, एसी लावून आणि घरातली सगळी माणसे बसवून चालवाव्यात. शोरूमभोवतीची छोटी फेरी पुरेशी नसते. कात्रज किंवा बोपदेव घाटाची चढण मार्गात असावी, कारण भरलेल्या गाडीचे साधे पेट्रोल इंजिन चढावर ओव्हरटेक करताना किती दम घेते आणि टर्बो किती सहज ओढते, हे तिथेच कळते. गिअरबॉक्सकडेही लक्ष द्यावे. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गर्दीत अतिशय मऊ चालते, पण जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून येतो. ड्युअल क्लच (दोन क्लचांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मोकळ्या रस्त्यावर चपळ असतो, मात्र चढावरच्या रांगेत इंच-इंच सरकताना त्याच्यावर ताण येतो. नारायण पेठेसारख्या अरुंद गल्लीतले एखादे वळण, दोन-चार स्पीड ब्रेकर आणि रिव्हर्स पार्किंग हेही त्याच फेरीत करून पाहावे.

मागच्या सीटवर आजी-आजोबांना बसवून त्यांचे मत घ्यावे. गाडीत चढण्याची उंची आणि मांडीला मिळणारा आधार हे त्यांनाच नीट सांगता येते. पॅनोरॅमिक सनरूफ असेल तर उंच माणसाच्या डोक्यावर किती जागा उरते तेही पाहावे.

सुरक्षिततेसाठी एअरबॅगची संख्या मोजून थांबू नये. भारत एनसीएपी ही गाड्यांना धडक-चाचणीवरून तारे देणारी योजना 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे आणि त्यात प्रौढांसाठी 32 पैकी व मुलांसाठी 49 पैकी गुण दिले जातात. तारे सारखे असले तरी हे गुण वेगळे असू शकतात, म्हणून ते स्वतंत्रपणे वाचावेत. जुन्या ग्लोबल एनसीएपी चाचणीचे गुण भारत एनसीएपीच्या गुणांशी थेट ताडू नयेत. आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगन या याच वर्गातल्या गाड्यांना 2022 मध्ये मिळालेले पाच तारे ग्लोबल एनसीएपीचे आहेत. घरात लहान मूल असेल तर त्याची सीट सोबत नेऊन आयसोफिक्सला (मुलांची सीट अडकवण्याच्या गाडीतल्या कड्यांना) बसवून पाहावी.

सोसायटीतली जागा टेपने मोजावी. क्रेटाची रुंदी 1,790 मिलिमीटर आहे आणि टायगनची 1,760. खांबाशेजारच्या पार्किंगमध्ये हे 30 मिलिमीटरही दार उघडताना उपयोगी पडतात. यांत्रिक पार्किंग असेल तर त्याची उंचीची व वजनाची मर्यादा आधी विचारावी.

दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त धरायचा असेल, तर गाडीची तपासणी त्या दिवसावर ठेवू नये, कारण तेव्हा शोरूममध्ये निवांत पाहायला वेळही मिळत नाही आणि नोंदणीही झालेली असते. नोंदणीपूर्वीच यार्डात, उजेडात जाऊन चासी क्रमांक, निर्मितीचा महिना व वर्ष, रंगावरचे ओरखडे, टायर आणि स्टेपनी पाहावी, आणि त्या क्रमांकाची नोंद पटल्यावरच उरलेले पैसे भरावेत.