जुन्या रायफलीचा बोल्ट अडतोय? आधी तो नेमका कुठे अडतो ते शोधा

काटोल, उमरेड, रामटेककडच्या काही शेतकरी घरांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरची जुनी ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) रायफल आजही आहे. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, ब्रिटिश फौजेच्या ली-एनफील्ड रायफलीच्याच घडणीचा. लष्कराची ३०३ बोअरची रायफल सामान्य माणसाला मिळू द्यायची नाही, असं इंग्रज सरकारचं धोरण होतं, म्हणून तीच यंत्रणा वेगळ्या बोअरमध्ये आली. अशी रायफल पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिली की बोल्ट जड होतो. मग कोणी वरून तेल ओततो, कोणी हँडलवर लाकडी ठोकळा मारतो. दोन्ही करू नका. बहुतेक वेळा दोष जुन्या ग्रीसचा असतो आणि तो शांतपणे काढता येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. साफसफाई मालकाने करावी. कानस, वेल्डिंग, भाग बदलणं हे परवानाधारक कारागिराचं काम.

रिकामी आहे याची खात्री

काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. नळी भिंतीकडे, माणसांपासून दूर. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, टॉर्च मारून पाहा आणि करंगळी घालूनही चाचपा. बोल्ट मागे येतच नसेल तर आत काडतूस असू शकतं असं धरून चाला आणि रायफल तशीच कारागिराला दाखवा.

पण बोल्ट अजिबात हलत नसेल तर कारागिराकडे नेण्याआधी सेफ्टी, म्हणजे रायफल झाडू न देणारी कळ, पाहा. ली-एनफील्डमध्ये सेफ्टी लावलेली असली की बोल्ट बंद राहतो. कॉकिंग पीस, म्हणजे बोल्टच्या मागच्या टोकाचा, घोडा ओढल्यावर पुढे उसळणारा तुकडा, अर्ध्यावर अडकलेला असला तरीही तेच होतं. हा बिघाड नव्हे.

अडतो कुठे?

बोल्ट सावकाश चालवा आणि हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष द्या. इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत भलत्याच जागी जाते.

पुढे ढकलताना शेवटच्या इंचभरात जोर लागत असेल तर घाबरू नका. या रायफलीत स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते. माउझर या जर्मन घडणीच्या रायफलीत ती हँडल उचलताना ताणली जाते, म्हणून तिची सवय असलेल्याला ही रायफल बिघडल्यासारखी वाटते.

हँडल वर उचलतानाच जड असेल तर लगांवर, म्हणजे बोल्टला कुलूप घालणाऱ्या उंचवट्यांवर, किंवा कॉकिंग पीसच्या खाचेत ग्रीस वाळलेलं असतं. पूर्ण फेरीत खरखर लागते ती रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या, खाचांतल्या धुळीची. मॅगझिन काढल्यावर बोल्ट मोकळा चालला तर मॅगझिनचे ओठ वाकलेत का पाहा. आणि रिकामा बोल्ट छान चालतो पण गोळी झाडल्यावर उघडत नाही, असं असेल तर शंका चेंबरवर किंवा काडतुसावर जाते. अशी रायफल पुन्हा झाडू नका.

बोल्ट बाहेर काढून धुणं

बोल्ट पूर्ण मागे ओढा, बोल्टचं पुढचं डोकं उजव्या बाजूने वर फिरवून पट्टीवरून सोडवा आणि बोल्ट बाहेर घ्या. हँडलच्या मुळाशी कोरलेला क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते याच वेळी पाहा. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे आणि कारागिराने हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधलं काडतूस यांच्यातलं अंतर) मोजल्याशिवाय ती झाडणं धोक्याचं. बोल्टचं डोकं स्वतः बदलू नका.

बोल्ट पत्र्याच्या डब्यात रॉकेल घालून रात्रभर बुडवून ठेवा. पेट्रोल नको, नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची वाफ एका ठिणगीने पेटते. सकाळी जुन्या टूथब्रशने लग, खाचा, एक्स्ट्रॅक्टरखालची (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याखालची) फट घासा. ग्रीस लाखेसारखं कडक झालं असेल तर मे महिन्यातलं आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन मदतीला येतं. रॉकेल पुसून बोल्ट कागदात गुंडाळून तासभर उन्हात ठेवा, ग्रीस पाझरू लागतं. तेवढा वेळ स्वतः तिथे बसा. लाकडी दस्ता मात्र उन्हात नेऊ नका, तडकतो.

आतली फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई) काढायला खास चावी लागते. ती नसेल तर पक्कड लावू नका. मागून रॉकेल सोडून आतला मळ वाहू द्या.

रिसीव्हरमध्ये या रायफलीचं काम सोपं आहे, कारण लगांच्या खाचा मागच्या बाजूला, हाताशी आहेत. बांबूच्या काडीला चिंधी गुंडाळून डावीकडची खाच कोरून काढा. काळा गाळ तिथेच साचतो. माउझरमध्ये या खाचा पुढे चेंबरजवळ असतात, तिथे वाकडा ब्रश हवा.

चेंबरला पितळी ब्रश वापरा, पोलादी काथ्या कधीच नाही. जुनी लष्करी काडतुसं झाडली असतील तर त्यांच्या टोपीतला क्षार मागे राहतो, हवेतली ओल ओढतो आणि गंज चढवतो. क्षार तेलात विरघळत नाही. आधी नळीतून उकळतं पाणी ओता, नीट कोरडी करा, मगच तेल लावा.

तरीही अडत असेल तर

लगांवर मार्कर पेनची शाई लावा, वाळू द्या आणि बोल्ट दहा-पंधरा वेळा चालवा. शाई जिथे खरवडली तिथे घर्षण आहे. तिथे उचकटलेली धार दिसली तरी कानस लावू नका. लगांचा वरचा कडक थर घासला गेला की हेडस्पेस बिघडते आणि ती परत येत नाही. शाईची खूण तशीच ठेवा, मूळ परवाना सोबत घ्या आणि कारागिराला ती जागा दाखवा. त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो.

सगळं मोकळं झालं की शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरेत, आणि लगांवर ग्रीसचा बोटाने पुसट हात. खोबरेल किंवा मोहरीचं तेल नको, ते चिकट होतं. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत जास्त तेल म्हणजे जास्त गाळ. चेंबर कोरडं हवं. तिथे तेल राहिलं तर झाडताना बोल्टवर जास्तीचा दाब येतो. फीडिंग, म्हणजे काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये नीट जातं का, हे तपासायला घरात खरी काडतुसं घालू नका, डमी काडतुसं वापरा. पावसाळा लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा बोल्ट काढून पुसला, तर ग्रीस पुन्हा वाळायला वेळच मिळत नाही.